सात एकरांची सावली आणि एफएसआयचं गणित

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला, वॉल स्ट्रीटच्या शेजारच्या गल्ल्यांत, '१२० ब्रॉडवे' या पत्त्यावर इक्विटेबल बिल्डिंग नावाची एक जुनी व्यापारी इमारत आहे. १९१५ साली ती बांधून पूर्ण झाली. मजले ३८, उंची साडेपाचशे फुटांच्या आसपास. आज त्या शहरात हिच्याहून दुप्पट-तिप्पट उंच इमारती आहेत, आणि हिच्या माथ्यावर डोळ्यांत भरावं असं शिखरही नाही. पदपथाच्या कडेपासून भिंती जशा सरळ वर निघतात, तशा थेट छपराजवळ जाऊन थांबतात. मध्ये कुठेही त्या मागे सरत नाहीत. साधारण एक एकराच्या भूखंडावर सुमारे १२ लाख चौरस फूट जागा काढलेली आहे.

ती उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी, २५ जुलै १९१६ रोजी, न्यूयॉर्कने सबंध शहराला लागू होणारा झोनिंगचा कायदा केला. अशा प्रकारचा अमेरिकेतला तो पहिलाच. कुठे काय बांधायचं, किती उंच बांधायचं आणि रस्त्यापासून किती मागे सरायचं, हे शहर ठरवू लागलं.

आपल्याकडे सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते सांगणारा आकडा. तो आकडा म्हणजे 'जादा कार्पेट (घरातली वापरायची जागा) किती मिळणार' या प्रश्नाचं उत्तर, अशीच बहुतेकांची समजूत असते. मुळात असे नियम कोणत्या भांडणातून आले, हे या एका इमारतीच्या हकिकतीतून जितकं स्वच्छ कळतं, तितकं नियमावलीची पानं उलटून कळत नाही. म्हणून ती सविस्तर सांगतो.

याच जागेवर आधी इक्विटेबल लाइफ या विमा कंपनीचं मुख्यालय होतं. १८७० साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीत माणसांसाठीच्या लिफ्ट होत्या. कार्यालयांच्या इमारतीत अशा लिफ्ट बसवल्याचं ते पहिलं उदाहरण मानलं जातं. लिफ्ट आली आणि भाड्याचा हिशोब उलटा झाला. त्याआधी वरचे मजले स्वस्त असत, कारण जिने चढायला कोणी राजी नसे. लिफ्टमुळे वरचा मजला उजेडाचा, शांत आणि म्हणून महाग ठरू लागला. ९ जानेवारी १९१२ च्या पहाटे या इमारतीच्या तळघरातल्या उपाहारगृहात आग लागली. थंडी इतकी कडाक्याची होती की बंबांनी मारलेलं पाणी भिंतींवरच गोठत गेलं. आग विझेपर्यंत आख्खी इमारत बर्फाने मढली होती. सहा जणांचा जीव गेला.

जळालेली जागा बारुदाच्या धंद्यातून पैसा कमावलेल्या दु पॉन्ट घराण्यातल्या टी. कोलमन दु पॉन्ट यांनी घेतली. किंमत सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलर, त्या काळातले. एवढा पैसा जमिनीत अडकला, तर तो भाड्यातूनच काढावा लागणार. भाडं मिळतं ते चौरस फुटांवर. शिकागोचे वास्तुरचनाकार अर्नेस्ट ग्रॅहॅम यांनी त्यामुळे सुंदर मनोऱ्याचा विचारच केला नाही. मनोरा वर जाताना बारीक होतो, आणि बारीक मजल्यावर जिना, लिफ्ट, नळ, शौचालयं वजा केली तर भाड्याने द्यायला फारसं उरत नाही.

मग आणखी वर का गेले नाहीत? कोणताही कायदा त्यांना अडवत नव्हता. अडवलं ते लिफ्टने. आधीचा बेत ४० मजल्यांचा होता. लिफ्टच्या तज्ज्ञाने हिशोब करून तो कमी करायला लावला. जास्त मजले म्हणजे जास्त माणसं, जास्त माणसं म्हणजे जास्त लिफ्ट, आणि प्रत्येक लिफ्टचा शाफ्ट खालच्या सगळ्या मजल्यांवरची जागा खातो. एका टप्प्यानंतर वर मिळणारी जागा खाली गमावलेल्या जागेइतकीच होते. दु पॉन्ट यांच्या माणसांनी तो टप्पा नेमका हेरला आणि तिथे थांबले. थोडक्यात, या इमारतीचा आकार मालकाच्या फायद्याच्या हिशोबातून आला. त्या हिशोबात शेजाऱ्याचं खातं कुठेच नव्हतं.

त्यात गंमत अशी की स्वतःच्या भाडेकरूंना उजेड मिळावा म्हणून रचनाकारांनी खूप काळजी घेतली होती. त्या काळी विजेचे दिवे मंद होते, गरम होत, आणि कारकुनाने दिवसभर त्यांच्या प्रकाशात वही लिहावी असे नव्हतेच. फ्लुरोसंट नळ्या यायला अजून दोन दशकं होती. खिडकीपासून साधारण २५ ते ३० फुटांपर्यंतच कामाचा उजेड पोचे, आणि त्यापलीकडच्या जागेला भाडं कमी. म्हणून या इमारतीचा आराखडा इंग्रजी 'एच' अक्षरासारखा आहे. मधल्या दोन खाचांमुळे आतल्या खोल्यांनाही खिडक्या मिळाल्या. पण हा उजेड घेताना शेजाऱ्यांचा उजेड अडला. गल्लीपलीकडच्या इमारतींत भर दुपारी दिवे लावावे लागले, तिथली भाडी पडली, आणि आपल्या मालमत्तेची किंमत घटली म्हणून करआकारणी कमी करा, अशी मागणी घेऊन मालक महापालिकेकडे गेले.

या इमारतीची सावली सुमारे सात एकरांवर पडते, असं नेहमी सांगितलं जातं. सावलीच्या लांबीचं गणित आपण स्वतः करून पाहू शकतो. न्यूयॉर्क साधारण ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर असतो. तेव्हा सावली उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त लांब पडते. १६५ मीटरच्या भिंतीची सावली सुमारे ३४० मीटर जाते. मुंबई १९ अंशांवर आहे. त्याच दिवशी इथे सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, आणि तीच इमारत इथे असती तर सावली दीडशे मीटरच्या आसपासच पडली असती. त्या शहरात हिवाळ्यातलं ऊन ही जपायची गोष्ट आहे. आपण मे महिन्यात सावली शोधत फिरतो. म्हणून त्यांचा नियम जसाच्या तसा उचलून इथे लावण्यात अर्थ नाही. पण सावलीखेरीज दोन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत: खोलीत येणारा उजेड-वारा आणि रस्त्यावरची गर्दी. या एका इमारतीत १३ ते १५ हजार माणसं काम करतील असा अंदाज होता. संध्याकाळी ती सगळी एकदम शेजारच्या अरुंद गल्ल्यांत उतरणार होती. गल्ल्यांची रुंदी मात्र घोडागाड्यांच्या काळातली होती.

शेजाऱ्यांना कोर्टात जाता आलं नसतं का? नाही, आणि इथे आपल्या आणि त्यांच्या कायद्यात मोठा फरक आहे. इंग्लंडमध्ये फार जुना संकेत आहे की एखाद्या खिडकीतून वर्षानुवर्षं उजेड येत असेल, तर शेजाऱ्याला तो बांधकाम करून बुजवता येत नाही. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात तो उतरला. २० वर्षं अखंड मिळालेला उजेड आणि हवा यांवर मालकाला हक्क सांगता येतो. अमेरिकेतल्या न्यायालयांनी मात्र एकोणिसाव्या शतकातच हा संकेत नाकारला होता. वाढत्या शहरांच्या नव्या देशात असा हक्क मान्य केला तर कोणालाच काही बांधता येणार नाही, असा त्यांचा विचार. परिणामी तिथल्या जमीनमालकाला आपल्या हद्दीत आकाशापर्यंत बांधायची मुभा होती, आणि ज्याचा उजेड गेला त्याला दाद मागायला जागा नव्हती. वैयक्तिक दावा शक्य नसल्यामुळे सगळ्यांना लागू होणारा सार्वजनिक नियम करणं, एवढा एकच रस्ता उरला.

नगररचनेच्या वर्गात ही गोष्ट बहुधा अशी सांगतात: राक्षसी इमारत उभी राहिली, शहर अंधारलं, लोक चिडले आणि कायदा झाला. तारखा पाहिल्या तर हे पटत नाही. इमारतींच्या उंचीचा अभ्यास करणारा आयोग १९१३ मध्येच नेमला गेला होता. एडवर्ड बॅसेट हे वकील त्याचे अध्यक्ष होते, आणि त्याचा अहवाल त्याच वर्षाच्या शेवटी आला. इक्विटेबल तेव्हा बांधली जात होती. तिने वादाला चेहरा दिला, हे खरं. कायद्यामागे जोर लावला तो तिथून काही मैल उत्तरेला असलेल्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या श्रीमंत दुकानदारांनी.

तिथली हकिकत अशी. कपडे शिवण्याचे कारखाने दक्षिणेकडून सरकत सरकत फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या आसपासच्या उंच इमारतींत आले होते. त्यांत काम करणारे बहुतेक पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि इटलीतून आलेले स्थलांतरित. दुपारच्या सुट्टीत ते पदपथावर उतरत, उभे राहून गप्पा मारत. त्यांच्यामुळे उंची गिऱ्हाईक येईनासं होतं, अशी दुकानदारांची तक्रार होती. त्यांच्या संघटनेने इमारतींच्या उंचीवर मर्यादा मागितली, कारण बुटक्या इमारतीत कारखाना परवडणार नाही आणि तो निघून जाईल. १९१६ च्या वसंतात त्यांनी वर्तमानपत्रांत मोठ्या जाहिराती देऊन कारखानदारांना इथून हलण्याचा इशाराच दिला.

मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, आणि तो गाळून ही गोष्ट सांगणं बरोबर नाही. त्या कायद्यात सार्वजनिक आरोग्याची खरी कळकळ होती, आणि गरीब परकी माणूस आपल्या रस्त्यावर नको हा हेतूही होता. दोन्ही एकाच मसुद्यात बसले. आजही एखाद्या वस्तीत 'उंची वाढू देऊ नका' अशी मागणी होते, तेव्हा ती उजेडासाठी आहे की विशिष्ट माणसं येऊ नयेत म्हणून आहे, हे तपासून पाहावं लागतं.

बॅसेट यांनी कायदा रचताना एक चतुराई केली. मालकाचा हक्क काढून घेतला असं कोर्टाने म्हटलं, तर शहराला नुकसानभरपाई द्यावी लागली असती, आणि मॅनहॅटनमधल्या जमिनीची भरपाई कोणालाच झेपणारी नव्हती. म्हणून आरोग्य आणि सुरक्षितता जपण्याचा सरकारचा जो सर्वसाधारण अधिकार असतो, त्याच्या आधारावर त्यांनी कायदा उभा केला. नियम सगळ्यांना सारखा, कोणाची जमीन घेतलेली नाही, म्हणून भरपाईही नाही. १९२६ साली ओहायो राज्यातल्या युक्लिड गावच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं, आणि मग ते देशभर पसरलं.

आता १९१६ च्या नियमाकडे येऊ. त्यात एफएसआय नव्हताच. एकूण किती चौरस फूट बांधायचे, यावर काहीच मर्यादा नव्हती. मर्यादा होती ती आकारावर, आणि माप होतं रस्त्याच्या रुंदीचं. शहराचे पट्टे पाडले होते. कुठे रस्त्याच्या रुंदीइतकी सरळ उंची, कुठे दीडपट, कुठे दुप्पट, आणि वॉल स्ट्रीटच्या परिसरात सर्वांत सैल, म्हणजे अडीचपट. ५० फुटी रस्ता धरला तर १२५ फुटांपर्यंत भिंत रस्त्याच्या कडेने सरळ न्या. त्यापुढे प्रत्येक ५ फूट चढताना १ फूट मागे सरा. असं सरत सरत मजल्याचं क्षेत्र भूखंडाच्या चौथाईवर आलं की तेवढ्या चौथाईवर मनोरा हवा तितका उंच चढवा. साडेपाचशे फूट सरळ चढलेली इक्विटेबल या मापात कुठेच बसत नाही. तिची भिंत चौथ्या हिश्श्यालाच मागे सरायला लागली असती.

यातून जो आकार तयार झाला तो आपल्या जुन्या स्वयंपाकघरातल्या उतरंडीसारखा: खाली रुंद, वर टप्प्याटप्प्याने लहान. १९२२ साली ह्यू फेरिस या चित्रकाराने कायद्यात बसणारा जास्तीत जास्त आकार कोळशाने रेखाटून दाखवला, आणि वास्तुरचनाकारांची एक पिढी त्या चित्रांवर पोसली. एम्पायर स्टेट बिल्डिंग पाहताना तिच्या उंचीबद्दल सगळे बोलतात. तिचा खालचा भाग रस्त्यालगत फक्त पाच मजल्यांचा आहे आणि त्यानंतर ती बरीच मागे सरते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. म्हणूनच तिच्या पायथ्याशी पदपथावर उभं राहिलं तर अंगावर काही कोसळतंय असं वाटत नाही. ३८१ मीटर उंचीची इमारत जवळून जाचत नाही आणि तिच्या निम्म्याहून कमी उंचीची इक्विटेबल जाचते. उंची हाच गुन्हा असता तर असं झालं नसतं.

चौथाईवरच्या मनोऱ्याची कल्पना एका खऱ्या इमारतीत आधीच दिसली होती. ती इक्विटेबलपासून चार पावलांवर, ब्रॉडवेच्याच पलीकडच्या बाजूला होती. शिवणयंत्रं विकणाऱ्या सिंगर कंपनीचं हे मुख्यालय १९०८ साली पूर्ण झालं, आणि वर्षभर ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. तिचे रचनाकार अर्नेस्ट फ्लॅग गगनचुंबी इमारतींच्या बेबंदपणाविरुद्ध बोलत असत. उंच जायचंच असेल तर भूखंडाच्या थोड्याच भागावर जा, बाकीचं आकाश शेजाऱ्यासाठी सोडा, असं ते म्हणत. आणि सिंगरचा सडपातळ मनोरा त्यांनी तसाच बांधला. पुढे काय झालं? १९६० च्या दशकाच्या शेवटी सिंगर पाडली गेली. मनोऱ्याचे मजले इतके लहान होते की नव्या काळातल्या मोठ्या कंपन्यांना ते उपयोगाचे राहिले नाहीत. शेजारधर्म पाळणारी इमारत गेली. शेजाऱ्यांचा उजेड खाणारी इक्विटेबल आपल्या भरभक्कम मजल्यांमुळे टिकली. मला हे फार लागतं. पण जमिनीच्या बाजारात सज्जनपणाला भाव मिळत नाही, म्हणूनच तर नियम लागतात.

१९१६ च्या नियमातली उणीव हळूहळू दिसू लागली. एकूण बांधकामावर मर्यादा नसल्यामुळे, शहरातला प्रत्येक भूखंड परवानगी आहे तितका भरला तर साडेपाच कोटी माणसं राहू शकतील, असा हिशोब निघाला. १९६१ साली न्यूयॉर्कने कायदा नव्याने लिहिला आणि त्यात आपल्या ओळखीचा आकडा आला.

एफएसआय म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्रफळ भागिले भूखंडाचं क्षेत्रफळ. मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. समजा भूखंड १,००० चौरस मीटरचा आहे आणि एफएसआय ३ आहे. म्हणजे एकूण ३,००० चौरस मीटर बांधता येतील. अर्ध्या भूखंडावर बांधलंत तर ६ मजले होतील, पाव भूखंडावर बांधलंत तर १२. दोन्हींचा एफएसआय तोच, ३. आकडा घनता सांगतो, उंची सांगत नाही. बारा मजली इमारत म्हणजे जास्त एफएसआय आणि सहा मजली म्हणजे कमी, असं धरून लोक वाद घालतात. तसं नसतं. या मापाने इक्विटेबलचा आकडा २५ ते ३० च्या घरात जातो. १९६१ च्या कायद्याने अतिदाट व्यापारी भागातही मूळ मर्यादा १५ ठेवली.

त्यासोबत एक सवलत दिली: लोकांसाठी पायाशी मोकळं पटांगण सोडा आणि २० टक्क्यांपर्यंत जादा बांधकाम घ्या. परिणाम बघायला इक्विटेबलच्या दारातून बाहेर पडून सीडर स्ट्रीट ओलांडायचा. समोर १४० ब्रॉडवे ही १९६७ ची काळी, गुळगुळीत, पेटीसारखी इमारत आहे. ती भूखंडाच्या एका भागावरच उभी आहे, बाकी जागा मोकळी आहे, आणि तिथे शिल्पकार इसामू नोगुची यांचा लाल घन एका कोपऱ्यावर तोललेला आहे. पन्नास वर्षांच्या अंतराने दोन इमारती, आणि मधल्या एका गल्लीत दोन कायद्यांमधला फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. सिंगरच्या जागेवर आलेल्या वन लिबर्टी प्लाझासाठीही असाच सौदा झाला. त्यातून जवळच जो छोटा बाग झाला तो म्हणजे आजचं झुकोटी पार्क. खासगी मालकीचं, पण लोकांसाठी दिवसरात्र उघडं ठेवण्याच्या अटीचं. शहराची उद्यानं रात्री बंद होतात, हे होत नव्हतं. २०११ साली वॉल स्ट्रीटविरुद्धच्या आंदोलकांना तिथे दोन महिने मुक्काम ठोकता आला, त्याला हीच अट कामी आली. बांधकामाच्या सवलतीसाठी लिहिलेली एक ओळ पन्नास वर्षांनी जगभरच्या बातम्यांत पोचली.

इक्विटेबलला मात्र नव्या आकड्याने वेगळंच संरक्षण मिळालं. जुनं बांधकाम आहे तसं राहू शकतं, पण पाडून नवं बांधायचं तर आजचा आकडा लागू. म्हणजे मालकाची जवळपास निम्मी जागा जाणार. ज्या इमारतीसारखी दुसरी होऊ नये म्हणून एवढा खटाटोप झाला, ती पाडणं तोट्याचं ठरलं. १९७८ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा आणि १९९६ साली शहराच्या संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

आता मुंबईकडे येतो, कारण इथे या विषयाची स्वतःची वाट आहे आणि ती न्यूयॉर्कची नक्कल नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीसारख्या वस्त्या त्याच्याच योजनांतून झाल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली, म्हणजे तिकडे इक्विटेबलचं जुनं मुख्यालय जळालं त्याच वर्षी, मुंबईच्या घरांतल्या उजेड-वाऱ्याबद्दल व्याख्यानं दिली आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम जोरात मांडला. नियम साधा आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर एक रेषा काढा. समोरच्या इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेच्या वर येता कामा नये. भूमितीत याचा अर्थ होतो: समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त नको. तिकडे व्यापाऱ्यांच्या भाड्यातून प्रश्न निघाला, इकडे मरणाऱ्या माणसांच्या खोल्यांतून. ऑर कार्यालयांची चर्चा करत नव्हते. ते चाळीतल्या तळमजल्यावरच्या खोलीत दिवसा उजेड येतो का, हे विचारत होते.

एफएसआय मुंबईत आला तो १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर. १९९१ च्या नियमावलीत तो शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असा ठरला, आणि टीडीआर आला. रस्त्यासाठी किंवा बागेसाठी आरक्षित जमीन महापालिकेला दिली की मालकाला पैशांऐवजी बांधकामाच्या हक्काचं प्रमाणपत्र मिळतं. ते दुसरीकडे वापरता येतं किंवा विकता येतं. शहरातला टीडीआर शहरात वापरायला बंदी होती, म्हणून तो उत्तरेकडे वाहत गेला. उपनगरांतल्या ज्या गल्ल्या दोन मजली बंगल्यांसाठी आखल्या होत्या, तिथे त्या जोरावर टॉवर उभे राहिले. आकडा बदलला, रस्ता तेवढाच राहिला. १९१६ च्या न्यूयॉर्कने माप रस्त्याचंच धरलं होतं, ते का, हे पार्ले-बोरिवलीच्या गल्लीत सकाळी शाळेच्या बस अडकतात तेव्हा कळतं. २०१८ पासूनच्या नियमावलीत जादा एफएसआय आणि टीडीआर किती मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, हा बदल मला योग्य वाटतो. उशिरा झाला.

एवढ्याने प्रश्न मिटत नाही, कारण आकड्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट असते आणि तिच्याकडे सभेत कोणाचं लक्ष नसतं: इमारतीच्या चारही बाजूंची मोकळी जागा. पुनर्विकासाच्या अनेक योजनांत वाढीव एफएसआय भूखंडात बसत नाही, मग महापालिकेला प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून या मोकळ्या जागेत सूट घेतली जाते. झोपडपट्टी पुनर्वसनात तर ही सूट नियमातच आहे. सभेत आर्किटेक्टला एफएसआय जरूर विचारा. त्याचबरोबर आपल्या खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत किती मीटर राहणार, हेही नकाशावर बोट ठेवून विचारा. ते उत्तर लेखी घ्या.

हे मी उगाच ताणून सांगत नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यातल्या पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. खेटून बांधलेल्या इमारतींत, विशेषतः खालच्या मजल्यांवरच्या उजेड-वारा न पोचणाऱ्या घरांत, क्षयरोगाचे रुग्ण जास्त असल्याचं त्यात दिसलं. सात मजली इमारती, आणि काही ठिकाणी दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. सात मजले म्हणजे साधारण २१ मीटर उंची. ऑर यांच्या १९१२ च्या नियमाने तिथे साडेदहा मीटर अंतर सोडावं लागलं असतं.